तात्पुरता ताबा

ज्यांच्या अंगणात आता तुळशीच्या मंजिरीला गळून पडण्यापुरतीही मोकळी जागा उरलेली नाही, ज्यांच्या ओट्यावर चढताना पाहुण्याला दोन कुंड्या ओलांडाव्या आणि एक वेल वाकवावी लागते, आणि तरीही रोपांचा टेम्पो कोपऱ्यावर वळल्याची चाहूल लागताच ज्यांचे पाय आपोआप चपलांत शिरतात, असे एक गृहस्थ प्रत्येक गावात, किंबहुना प्रत्येक आळीत असतातच. त्यांची नव्याने ओळख करून देण्याचे काही प्रयोजन नाही. आमच्या वाशीमच्या वाट्याला आलेले गृहस्थ दिवाणी न्यायालयातून नाझर म्हणून सेवानिवृत्त झालेले आहेत, एवढाच काय तो फरक. आणि हा फरक किती दूरगामी आहे, याचा प्रत्यय मला त्यांच्या पार्सलांनी आणून दिला.

झाले असे की, "यापुढे एकही कांदा या उंबऱ्याच्या आत येणार नाही, खायचा सोडून," असा मनाईहुकूम काकूंनी जारी केल्यापासून नाझरसाहेबांनी माझा पत्ता, माझ्या संमतीचा प्रश्न गौण मानून, आपल्या नावापुढे लावून दिला. ऐन दुपारी पार्सलवाला पोरगा दार ठोठावतो, मी झोपेतून उठून सही करतो, आणि खोक्यातून मातीचा ओलसर वास येऊ लागतो. मग काकूंची वामकुक्षी सुरू झाल्याची खातरजमा करून नाझरसाहेब छत्री व पिशवी घेऊन अवतीर्ण होतात, खोके उघडतात, आतील प्रत्येक कंद अंगठ्याने दाबून पाहतात, आणि माझ्या चेहऱ्यावरील भाव ध्यानात घेऊन धीरगंभीर स्वरात खुलासा करतात, "ही खरेदी समजू नका. हा तात्पुरता ताबा आहे."

या खुलाशामागे एक संपूर्ण हयात उभी आहे. नाझर हा जप्तीचा धनी, पण मालाचा नव्हे. कर्जबुडव्याच्या घरातून बेलिफाने उचलून आणलेली पितळी पातेली, सायकली, शिवणयंत्रे, क्वचित एखादी दुभती म्हैसदेखील त्यांच्या हवाली होत असे. ती नोंदवायची, सांभाळायची, लिलावाच्या दिवशी मोजून द्यायची, आणि त्यांतले काहीही आपले मानायचे नाही, हा शिरस्ता त्यांच्या इतका अंगवळणी पडला की पेन्शन सुरू झाल्यावरही 'विकत घेतले' हे क्रियापद त्यांच्या जिभेवर रुळले नाही. घरी त्यांनी तांबड्या कापडी पुठ्ठ्याचे एक रजिस्टर घातले आहे. त्यात दाखल दिनांक, मालाचे वर्णन, कोणाकडून, स्थळ आणि शेरा असे रकाने असून शेऱ्याच्या रकान्यात 'हजर', 'गैरहजर', 'मयत' आणि डुकरांनी उकरून नेलेल्या कंदांसाठी 'फरार' असे शब्द सुवाच्य अक्षरांत लिहिलेले आढळतात. गुलाबापासून गवती चहापर्यंत सारे तात्पुरत्या ताब्यात. पारिजातक वीस वर्षांपासून तात्पुरत्या ताब्यात आहे, आणि त्याची मुळे आता शेजाऱ्याच्या हौदाखाली गेली आहेत.

टेम्पो येतो तो दिवस पाहण्याजोगा. आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियम नावाचे गाव आहे. तेथील रोपवाटिकांतून निघालेली झाडे देशभर पसरतात आणि त्यांतली काही मजल दरमजल करीत वऱ्हाडातही पोचतात. नाझरसाहेब टेम्पोभोवती हात मागे बांधून, केवळ पंचनाम्यासाठी आल्याच्या आविर्भावात एक प्रदक्षिणा घालतात. विक्रेता मुरलेला असतो. "सायेब, पाह्याचे पैसे नाई लागत. हे बारमाही हाये. एकदा लावलं का जलमभर पाहा लागत नाई." बारमाही हा शब्द कानी पडला की नाझरसाहेबांचा विवेक रजेवर जातो. हंगामी फुलझाडांवर दरसाल खर्च करावा लागतो, बहुवार्षिक झाड एकदाच घ्यावे लागते, सबब त्यात निव्वळ बचत आहे, हा त्यांचा सिद्धान्त. आणि या बचतीसाठी ते दरसाल पेन्शनचा एक लक्षणीय अंश खर्ची घालतात. घरी परतल्यावर दारातच काकूंचा सवाल येतो, "आता हे कुठी लावता? माह्या डोक्यावर?" तेव्हा नाझरसाहेब क्षणभर खरोखरच त्या स्थळाचा विचार करताना दिसतात.

तथापि झाडांचा मोह परवडला, कंदांचा नको. रोप निदान दिसते. ते लपवावे म्हटले तरी त्याची पाने पिशवीबाहेर डोकावून चहाडी करतात. कंद मात्र सदऱ्याच्या खिशात मावतो, देवघरातील तबकात सुपारीशेजारी बसतो, आणि जमिनीत गेल्यावर महिनोन् महिने आपल्या अस्तित्वाचा पुरावा देत नाही. निशिगंधाचे म्हणाल तर साधा, दुहेरी, बंगळूरच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेले 'शृंगार', 'सुवासिनी' आणि 'प्रज्वल', लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेची पट्टेदार पानांची 'स्वर्ण रेखा', असे सारे वाण त्यांच्या रजिस्टरात स्वतंत्र अनुक्रमांकांनी नांदतात. सामान्य नाकाला त्यांतला फरक उमगत नाही, असे मी एकदा म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे खोटी साक्ष देणाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले.

कंदांच्या या मोहाला त्यांच्यापाशी एक शास्त्राधारही आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. आणि 'काव्यमीमांसे'त राजशेखराने या नगराला मदनाचे क्रीडास्थान म्हटले असून काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा गांधर्वविवाह त्याने येथेच लावून दिला आहे. "आता सांगा," नाझरसाहेब विचारतात, "मदनाचे बाण कशाचे? फुलांचे. पाचांपैकी अरविंद आणि नीलोत्पल हे दोन तर जमिनीखालच्या गड्ड्यातून उगवणारे. मग या गावात राहून कंदांचा मोह आवरणारा मी कोण?" साहित्यविद्येच्या सासरी आज साहित्यापेक्षा सोयाबीनच्या भावाची चर्चा अधिक चालते, हे मी त्यांच्या निदर्शनास आणले, पण ते पुराव्यास अग्राह्य ठरले.

एका वर्षी त्यांनी ट्यूलिपचे कंद मागवले. वाशीमचा उन्हाळा चव्वेचाळीस अंशांची सहज भाषा करतो, येथील काळी जमीन पावसाळ्यात चिकटून कंद कुजवते आणि वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते. अशा मुलखात काश्मीरच्या फुलाने येऊन काय करावे? परंतु नाझरसाहेबांनी अभ्यास केला होता. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्यापूर्वी तीन-एक महिने कडक थंडी लागते, म्हणून त्यांनी ते कागदात गुंडाळून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले. पिकत्या फळांतून निघणारा वायू कंदातील कळीचा घात करतो, म्हणून तीन महिने घरात सफरचंद आणण्यास मनाई झाली. काकूंनी पिठल्यासाठी चुकून ट्यूलिप चिरले असतील, अशी अटकळ वाचक बांधतील, तर ती निराधार आहे. "मला कांदा वळखता येते," त्या शांतपणे म्हणाल्या, "शंभर रुपयाले एक कांदा घेणारा मानूस कसा वळखाचा, थे मातर कोनी शिकवलं नाई." पौषात तीन कंद उगवले. एकाला वीतभर दांडा येऊन वर तांबडी कळी धरली, ती दोन दिवस उमलली, आणि तेवढ्या अवधीत आमच्या आळीतील प्रत्येक सज्ञान इसमावर समन्स बजावण्यात आला. नंतर शेरा पडला : 'तीन हजर, सात मयत. तात्पुरता ताबा संपुष्टात.'

ट्यूलिपच्या निमित्ताने त्यांनी जो इतिहास खोदून काढला, तो मला अद्याप ऐकावा लागतो. बाबराने काबूलकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी उगवणाऱ्या ट्यूलिपचे प्रकार मोजायला लावले तेव्हा ते बत्तीस-तेहतीस भरले, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. यावरून तो बादशहा मूळचा नाझरच असला पाहिजे, असे त्यांचे मत. हॉलंडमध्ये १६३६-३७ च्या हिवाळ्यात जमिनीत पुरलेल्या कंदांचे करार हातोहात विकले गेले, अल्कमार येथे ५ फेब्रुवारी १६३७ रोजी एका मयत इसमाच्या पोरक्या मुलांच्या हितार्थ झालेल्या लिलावात कंदांना सुमारे नव्वद हजार गिल्डर आले, आणि त्याच महिन्यात बाजार कोसळला. सारे जग या कथेतून लोभाचा धडा घेते. नाझरसाहेब वेगळाच मुद्दा घेतात. हार्लेमच्या नगरपरिषदेने १६३८ मध्ये खरेदीदारांना साडेतीन टक्के भरून करारातून मोकळे होण्याची मुभा दिली, याचे त्यांना अतोनात दुःख आहे. "साडेतीन टक्के! आणि कंदांचं पुढं काय झालं, ते कोणीच नोंदवलं नाही?"

कंदांचे पुढे काय होते, हे आमच्या आळीला विचारावे. निशिगंधाचा एक कंद जमिनीत घातला की दोन-तीन वर्षांत त्याच्या भोवती पिलांचा घोळका जमतो. ग्लॅडिओलसच्या बुडाशी वाटाण्याएवढी असंख्य पिले सुटतात. कर्दळीला तर थांबायचे कसे, हे निसर्गाने शिकवलेलेच नाही. मयताची नोंद करताना न कचरणारे नाझरसाहेब जिवंत पिलू टाकून देण्यास मात्र धजत नाहीत. ते वर्तमानपत्रात गुंडाळून घरोघर पोचवतात, अर्थात तात्पुरत्या ताब्यात, आणि पंधरवड्याने तपासणीला येतात. कित्येकांनी या तपासणीच्या धास्तीने कंद खरोखर लावले आहेत. एकाने ते गच्चीवर विसरून ठेवले, तर नाझरसाहेबांनी वाळलेल्या कंदाकडे पाहून "जबाबदार कोण?" एवढेच विचारले, आणि तो गृहस्थ पुढच्याच आठवड्यात कुंड्या घेऊन आला. आज आमच्या गल्लीत रात्री जो निशिगंध दरवळतो, त्याचा सातबारा काढायचा झाल्यास मूळ मालक एकच निघेल, आणि तो मालकी कबूल करणार नाही.

येथे मला, काहीशा नाइलाजाने, एक गोष्ट मान्य करणे भाग आहे. आपल्या राज्यात झाडे लावण्याची हौस थोडीथोडकी नाही. २०१९ च्या पावसाळ्यात तेहतीस कोटी झाडे लावण्याचा संकल्प सुटला होता. आणि मान्यवरांच्या हस्ते खड्ड्यात रोप उतरतानाचे छायाचित्र तर दरवर्षी निघते, कधीकधी गेल्या वर्षीच्याच खड्ड्यावर. या सोहळ्यांत 'लावली' हा रकाना असतो. 'मयत' हा रकाना मी फक्त नाझरसाहेबांच्या रजिस्टरात पाहिला. आपल्या हातून मेलेले झाड तारीखवार लिहून ठेवणारा मनुष्य कितीही त्रासदायक असला, तरी त्याच्याशी भांडताना आवाज थोडा खाली येतो.

त्या रजिस्टराला शेवटचा एक अरुंद रकाना आहे, त्याच्याकडे माझे लक्ष उशिरा गेले : 'पुढील तारीख'. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांनी आयुष्यभर पुढील तारीख घेऊन परतणारी माणसे पाहिली. रिसोडहून, मानोऱ्याहून भल्या पहाटेच्या गाडीने यायचे, दिवसभर ताटकळायचे आणि तारीख घेऊन संध्याकाळी परत फिरायचे. त्या माणसांना जी गोष्ट शिक्षा वाटे, ती आता हे स्वतः पैसे मोजून घेतात. फुटबॉल लिली मेअखेरीस, पहिल्या वळवाच्या सुमारास. ग्लॅडिओलस ऑक्टोबरात लावायचे, दिवाळी उलटल्यावर दांडे. भुईचाफा चैत्र-वैशाखात, पानांच्या आधी फूल. वय पंचाहत्तरीच्या पलीकडे गेले आहे, मुलगा पुण्यात बोलावतो, तेथे सदनिका आहे, लिफ्ट आहे, गॅलरीत चार कुंड्यांची सोय आहे. "कसा जाणार?" ते म्हणाले. "सालभराच्या तारखा लागल्या आहेत. गैरहजर राहिलो, तर एकतर्फी निकाल होईल." मी हसलो. ते हसले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात मात्र गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना पुण्यास जावेच लागले. काकू घर राखायला मागे राहिल्या. पुण्याहून मला फोनवर फोन येऊ लागले : रजिस्टर अद्ययावत आहे काय, हे समक्ष जाऊन पाहावे. गेलो. रजिस्टर देवघराजवळ उघडे होते आणि त्यात एक दिवसाचाही खंड नव्हता. अक्षर तेवढे बदलले होते. 'निशिगंध – आला. वास लय. रातभर झोप नाई.' 'भुईचाफा – रुसला होता, आज पानं काढले.' 'लिली, दुसरी वळ – डुकरानं नेली. बरं झालं, जागा झाली.' आणि त्याच्या खाली, त्या झालेल्या जागेचा हिशेब : 'कर्दळ, पिवळी. टेम्पोवाल्याकडून. ताबा – कायमचा.'

कुबडी टेकत परतलेल्या नाझरसाहेबांनी चहा घेण्यापूर्वी रजिस्टर मागवले, शेवटच्या नोंदीपाशी थबकले, आणि तांबड्या शाईने समासात लिहिले : 'कारकुनी चूक. "तात्पुरता" अशी दुरुस्ती व्हावी.' दुसऱ्या दिवशी पार्सल पोचवायला गेलो, तेव्हा त्याखाली निळ्या बॉलपेनने, मोठ्या गोल अक्षरांत हुकूम उतरला होता : 'नामंजूर.' नाझरसाहेबांनी तो मला दाखवला, चष्मा पुसला, आणि यावर अपील चालत नाही, असे सांगितले.