अप्रतिष्ठित-मत्स्य-मीमांसा

विषय : पापलेट, सुरमई आणि रावस ही त्रयी वगळता अरबी समुद्रात अन्य मासे आहेत काय, आणि असल्यास ते भल्या माणसाने खावेत काय, हा प्रस्तुत प्रबंधाचा विषय होय. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्यमाशाचा दर्जा देऊन त्रयीच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी पापलेट किमान १३५ मिलिमीटर तरी वाढू द्यावे, असा नियमही शासनाला करावा लागला. मोठेपणाचा त्रास तो हाच.

संशय : मासा प्रतिष्ठित ठरतो तो चवीमुळे की अन्य कारणाने?

पूर्वपक्ष : हॉटेलवादी म्हणतात, चवीमुळेच. पापलेट महाग का? चविष्ट म्हणून. चविष्ट कशावरून? महाग आहे त्यावरून. नैयायिक याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. मेनूकार्डावर याला ‘स्पेशल थाळी’ म्हणतात.

उत्तरपक्ष : जाळ्याला हा भेद ठाऊक नाही. भरती-ओहोटीच्या धारेत तोंड उघडून बसलेल्या डोलीत बोंबील, मांदेली, ढोमे, जवळा असे सगळे एकाच दाराने येतात. किनाऱ्यावरून ओढलेल्या रापणीतही तेच. वर्णव्यवस्था सुरू होते ती टोपलीपाशी. कुणी बर्फात जातो, कुणी वाट्यावर. घोळ आणि ढोमा यांचेच पाहा. दोघे एकाच कुळातले. दोघेही पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढोलकी वाजवतात. पण घोळीच्या या पिशवीला, म्हणजे बोताला, परदेशात सोन्यासारखा भाव. ढोम्याचे मात्र कुणी बोतही विचारत नाही. चव मध्ये कुठे आली? सबब अप्रतिष्ठेची खरी कारणे चार दोषांत शोधली पाहिजेत.

पहिला कंटकदोष. मांदेली आणि पेडवे यांत मांसाहून काटे जास्त, असा आक्षेप. तो तव्यापर्यंतच टिकतो. मांदेलीची डोकी काढून, तिखट-मीठ-हळद लावून, तांदळाच्या पिठात घोळवून ती कडक तळली की काटा आणि मांस हे द्वैत संपते व मांदेली शेपटीसकट चावता येते.

दुसरा रूपदोष. लेपा लहानपणी चारचौघांसारखाच असतो, एका बाजूला एक डोळा. वाढताना एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्याच्या शेजारी येतो आणि मासा जन्मभर वाळूवर आडवा पडतो. टोळाचे काटे पित्तातल्या रंगद्रव्यामुळे हिरवेगार असतात. खायला निर्धोक, पण पाहुणा पानावरून उठतो. वाकटीला ना खवले ना शेपटीचा पर. आपण ती सुकवून पावसाळ्याची बेगमी करतो आणि चिनी माणूस ती गोठवलेली मागवतो. शिंगाळ्याला मिशा आणि विषारी काटे. ते आधी मोडावेत, मग पुढचे बोलावे. मात्र या कुळातला नर अंडी फुटेपर्यंत ती तोंडात सांभाळतो आणि तोवर उपाशी राहतो. पितृत्वाचा असा नमुना उच्चभ्रू त्रयीत आढळत नाही.

तिसरा गंधदोष, जो मोरीला लागतो. समुद्राच्या खारटपणाशी बरोबरी राखण्यासाठी मोरी अंगात युरिया साठवते. मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. म्हणून मोरी ताजीच घ्यावी. कढत पाण्यातून काढून कातडीची खरखर खरवडावी आणि भाजक्या खोबऱ्याच्या वाटणात शिजवावी. मालवणात याला मोरीचे मटण म्हणतात, ते उगीच नव्हे.

चौथा आणि सर्वांत अन्याय्य, विपुलतादोष. तारली इतकी येते की उरलेली माडाच्या बुंध्याशी खत म्हणून पडते. तिच्याच भाईबंदांचे तेल गोळ्यांत भरून औषधाच्या दुकानात येते, तेव्हा आपण ते डॉक्टरच्या चिठ्ठीनिशी घेतो.

अपवाद : अप्रतिष्ठित ते सर्व खाद्य, असा उलटा सिद्धांत कुणी काढू नये. केंड मासा अंग फुगवतो आणि विषारी असतो. त्याच्याबाबत लोकमत बरोबर आहे.

प्रयोग (पेडव्यांचे तिखले) : पेडव्यांची डोकी व पोट काढून ते धुवावेत. मातीच्या भांड्यात लाल मिरचीचे वाटण, हळद, मीठ, कोकमे आणि बिया काढून ठेचलेली तिरफळे घालून त्यात पेडवे रचावेत. पाणी बेताचे. वरून कच्चे खोबरेल सोडून हळदीचे पान झाकावे व मंद आचेवर ठेवावे. डाव घालू नये. भांडेच धरून फिरवावे, नाहीतर तिखल्याचा लगदा होतो. दुसऱ्या दिवशी ते अधिक लागते. तोवर उरल्यास.

निर्णय : अप्रतिष्ठा हा माशाचा गुण नसून गिऱ्हाइकाचा आहे. त्याला काटा काढायचा कंटाळा, तोंड पाहायची भीती आणि शेजाऱ्याने पिशवीत डोकावले तर काय, ही चिंता. आणि या आळसाचे बिल भरते कोण, तर पापलेटची पिल्ले. तेव्हा पुढच्या खेपेस बर्फाची पेटी ओलांडून वाट्यांपाशी जावे आणि मोठ्याने विचारावे, “मावशी, ढोमे कसे दिले?” कापून हवे असतील तर तसे सांगावे. भाव मात्र ढोम्यांतही करावाच लागतो. तिथे शास्त्र चालत नाही.