टाकून देऊ का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला पेन्शनीत काढलं. मी चार वर्षं आधीच निघालो होतो. फरक एवढाच, की मला महिन्याच्या महिन्याला काहीतरी मिळतं, त्याला मिळणारे अपडेट बंद झाले. आमच्या जुन्या कम्प्युटरला विंडोज ११ पेलवत नाही असं कळलं, पोरीने पैसे पाठवले आणि मी नागपूरच्या बर्डी बाजारातून नवा घेऊन आलो. पाठोपाठ दुकानातला पोरगा घरी आला. खुर्चीवर बसला, बोटं मोडली आणि म्हणाला, “काका, काय काय टाकून देऊ?”

हा प्रश्न आमच्या घरात एकतीस वर्षं विचारला जातोय. विचारणारी वेगळी असते आणि तिची नजर माळ्याकडे असते. त्यामुळे मी आधी दचकलोच.

“ऑफिस टाकून देऊ?”

“ते मी चार वर्षांपूर्वीच टाकलं.”

तो हसला नाही. “लाइफटाइमवालं आहे ना माझ्याकडं. फक्त पाच मिनिटं अँटिव्हायरस बंद करावा लागते.”

म्हणजे चोराला आत घ्यायचं म्हणून चौकीदाराला चहाला पाठवायचं. मी आयुष्यभर ऑडिटमध्ये दुसऱ्यांच्या व्हाउचरवर लाल पेन्सिल चालवली. आता स्वतःच्या टेबलावर बिनपावतीचा माल कसा ठेवू? म्हटलं, लिबर ऑफिस टाक. फुकट आहे, तरी चोरीचं नाही, आणि मेनू मराठीत करता येतात. सावजीत जाऊन साधं वरण मागणाऱ्याकडे वेटर जसा बघतो, तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

बाकीचं भराभर झालं. सिनेमासाठी व्हीएलसी. १९९६ च्या सुमारास पॅरिसजवळच्या एका कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेलं, पण चिन्ह पाहून वाटावं की नागपुरातच जन्मलं: रस्ता खोदल्यावर ठेवतात तो नारिंगी शंकू. सौ. म्हणाली, “इथंही काम चालूच आहे का?” फायली उघडायला विनरार नको म्हटलं. ते चाळीस दिवसांनंतर पैसे मागतं आणि मागतच राहतं, काम मात्र सोडत नाही; इतक्या सज्जन सावकारापुढे मला लाज वाटते. त्यापेक्षा सेव्हन-झिप बरं, ते मागतच नाही.

खरी अडचण मराठीची.

आमच्या लेआऊटमधल्या यच्चयावत लग्नपत्रिका, सत्यनारायणाची बोलावणी आणि सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारी गेली वीस वर्षं मीच टाइप करतो. सगळं कृतिदेवमध्ये. त्या फॉन्टची गंमत अशी, की आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त देवनागरीचा मुखवटा. नव्या कम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, तेव्हा मुखवटा गळला. ‘मराठी’च्या जागी ई, जे, के, मग मोठा बी आणि एच. ‘नागपूर’ तर थेट यू-के पासून सुरू! लेआऊटमधली निम्मी पोरं तिकडेच गेली आहेत, पण गावानेही जावं?

नागपूरकराला हा प्रकार लगेच कळतो. युनिकोडने १९९१ सालीच देवनागरीचं १२८ प्लॉटांचं रीतसर लेआऊट पाडलं होतं. आम्ही मात्र इंग्रजीच्या प्लॉटवर घर बांधून राहिलो. आता गुंठेवारी नियमित करून घ्या! त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. पोराने एक चालवला. अक्षरं आपापल्या जागी गेली, मलाही भरून आलं. मग २०११ सालची एक पत्रिका उघडली. ‘वऱ्हाडी मंडळी’तला र उडी मारून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसला होता.

“चालते ना काका, वाचता येते.”

चालते? नागपूर म्हणजे वऱ्हाड नव्हे, हे अमरावतीकर आम्हाला उठताबसता ऐकवतात. त्यात आम्हाला तो शब्द लिहिताही येत नाही असं कळलं, तर झालंच!

मी खुर्ची मागितली. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्टचा कीबोर्ड फुकट असतो, तो सुरू करायला लावला. पण माझी बोटं टाइपरायटरवर वाढलेली. ह्रस्व वेलांटी आधी, अक्षर मागून. इथे आधी वेलांटी दिली की पडद्यावर ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ येतं आणि ती बिचारी त्यावर ओणवून उभी राहते, नवरदेव न आलेल्या मांडवासारखी. ‘किती’ लिहायला मला किती वेळ लागला, ते सांगत नाही. शेवटी व, मग शिफ्ट दाबून र, त्याचा पाय मोडला, ह, काना, ड. वऱ्हाड! आडवी मिशी जिथल्या तिथे. मी ते सोळा वेळा लिहिलं, ठळक करून, मग तिरपं करून.

पोराने घड्याळ पाहिलं. “काका, आणखी काही टाकून देऊ?”

तेवढ्यात सौ. आतून जुना सीपीयू दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवला. “हा टाकून दे बाबा.”

त्याने बॅगेतून पेन ड्राइव्ह काढला. “टाकतो ना काकू. याच्यात काय टाकू?”