तण लावायची मजुरी

हदगावात जमिनीवर चार बोटं नको ते हिरवं दिसलं की माणसाचा हात आपोआप खुरप्याकडे जातो. माती काळी, पीक कापूस, सोयाबीन नाहीतर हळद, आणि बाकी जे काही उगवेल ते तण. हरळी, कुंदा, लव्हाळा या तिघांच्या नावानं इथल्या कित्येक पिढ्यांनी बोटं मोडली. अशा तालुक्यात काचेच्या टाकीत बुटकं गवत पिकवायला घेतलेल्या माणसाबद्दल लोक काय बोलतात, ते मला रोज ऐकू येतं. टाकी माझ्याच ओसरीत आहे.

या छंदाचं पुण्य म्हणा की पाप, ते जपानच्या ताकाशी अमानो यांचं. 1954 साली जन्मलेला हा गृहस्थ आधी सायकलच्या शर्यती खेळला, मग फोटो काढू लागला आणि शेवटी माशांच्या टाकीत डोंगर-कुरणं वसवत बसला. तळाला हिरवागार गालिचा, त्यातून वर आलेले दोन-चार दगड, आणि मासे म्हणाल तर तोंडी लावण्यापुरते. त्यांच्या टाक्यांचे फोटो पाहून जगभरातली बरीच शहाणी माणसं बिघडली. माझा भाचा त्यातलाच. तो पुण्याला नोकरीला गेला आणि टाकी मामाच्या पदरात पडली.

या गालिच्याची महाराणी म्हणजे हेमिआन्थस. हौशी मंडळी तिला नुसतं ‘क्यूबा’ म्हणतात, कारण माहेर तिथलं. पान तिळाएवढं आणि थाट संस्थानिकाचा. तिला लख्ख उजेड हवा, पाणी गार हवं, वर पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडायला हवा. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि टाकीतलं पाणी तिशी. पाणी जितकं गरम तितका त्यात वायू कमी विरघळतो, म्हणजे गरज असते तेव्हाच टंचाई. मराठवाड्याला यात नवं काही नाही, पण क्यूबाला होतं. पुण्याहून ट्रॅव्हल्सनं डबीत बसून निघालेली ही बाई वारंगा फाट्यापर्यंत जिवंत होती, असं क्लीनर अजूनही शपथेवर सांगतो.

दुसरी क्यूबा आली तेव्हा भाच्यानं फोनवरून वायूची स्वस्त युक्ती सांगितली. दोन लिटरची थंड पेयाची बाटली घ्यायची, त्यात गूळ, कोमट पाणी आणि बेकरीवाल्याकडचं यीस्ट घालायचं, झाकणाला भोक पाडून नळी टाकीत सोडायची. यीस्ट गूळ खातं आणि वायू सोडतं. वायू नळीवाटे गवताला मिळतो, उरलेलं बाटलीत राहतं. उरलेलं काय असतं, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही.

आमचे काका माळकरी. ओसरीत पाऊल टाकताच त्यांनी हवा हुंगली.

“कामून रे, गुळाला फेस आलाय?”

“काका, ते गवतासाठी आहे.”

काका बराच वेळ बाटलीकडे, मग नळीकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. “लई कारणं ऐकली बाप्पा आजवर,” ते म्हणाले, “पण गवताच्या नावावर कुणी काढली नव्हती.”

यीस्टला वीज लागत नाही आणि झोपही लागत नाही. रात्री उजेड नसताना झाडं वायू घेत नाहीत, उलट सोडतात. बाटली मात्र अखंड हरिनाम सप्ताहासारखी चालूच. पहाटे सगळे मासे पाण्यावर तोंड काढून आ वासत होते. काकांनी एक नजर टाकली आणि निदान केलं, “बघ, माशांनाबी चढली.”

पाण्याचं प्रकरण घरातलं. बोअरचं पाणी इतकं जड की हंड्याला पांढरा थर बसतो, म्हणून क्यूबासाठी जारचं पाणी मिसळायचं ठरलं. “माशांना जारचं आणि माणसांना बोअरचं,” एवढंच बायको म्हणाली, पण येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर म्हणाली.

यावर उपाय सापडला तो शेतात. निंदायला येणाऱ्या मावशी एकदा घरी आल्या आणि टाकीच्या कोपऱ्यातलं सुईसारखं गवत बघून म्हणाल्या, “हे तर लव्हाळ्याचं पोर हाय.” दुकानदार त्याला इलिओकॅरिस म्हणतो आणि मुळासकट मोजून पैसे घेतो. वनस्पतिशास्त्र मात्र मावशींच्या बाजूचं आहे: दोघांचं कूळ एकच, सायपरेसी. 1977 साली जगातल्या सर्वांत वाईट तणांवर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ निघाला. त्यात पहिला नंबर लव्हाळ्याचा, म्हणजे सायपरस रोटंडसचा. महापुरात टिकण्याचं प्रमाणपत्र तर लव्हाळ्याला तुकोबांनी केव्हाच देऊन ठेवलंय. अशा घराण्यातलं पोर जड पाण्याला कशाला भितंय? ते वायूवाचूनही जगतं. सावकाश वाढतं, पण जमिनीखालून धावते सोडत हात-पाय पसरतंच.

मग मी मावशींनाच विचारलं, ओलीत सगळ्यात जास्त छळणारं बुटकं तण कुठलं? त्यांनी इसापूरच्या कालव्याची पाझरणारी चारी दाखवली. तिथे चार पाकळ्यांच्या पानांची मार्सिलिया पसरली होती. ही नेच्यांच्या गोतातली. फूल नाही, बी नाही. तिच्या बीजाणूंच्या कडक डब्या कोरड्या पडल्या तरी वर्षानुवर्षं, दशकानुदशकं तग धरतात आणि पाणी लागलं की उगवतात. तिचीच भावंडं विलायती दुकानांत डबीत विकतात. टाकीत आल्यावर तिची जुनी पानं सडली, घरानं सुतक जाहीर केलं. मग पाण्याखालची नवी पानं फुटली, काही एकाच पाकळीची, काही दोनाची. बाटली गेली, जार गेला, काका निर्धास्त झाले.

तेव्हा गालिच्याचं रोप निवडायचं तर दुकानदाराला विचारू नये. निंदणाऱ्या बाईला विचारावं, आणि ती ज्याला सगळ्यात कडक शिवी देईल ते डोळे मिटून आणावं.

टाकीच्या दुसऱ्या बाजूलाही मार्सिलिया लावून द्या, असं मी मावशींना परवा म्हटलं. त्यांनी पदर खोचला, टाकीत हात घातला आणि थांबल्या. “उपटायची मजुरी ठरलेली हाय,” त्या म्हणाल्या. “लावायची आजवर कुणी इचारली नव्हती. बायांशी बोलून सांगते.”