ओसाका अर्ध्या दिवसात उरकण्याची शास्त्रोक्त पद्धती

ओसाका हे शहर क्योतो आणि कान्साई विमानतळ यांच्या मध्ये पडत असल्यामुळे ते पाहावयाचे नसून उरकावयाचे असते, असा एक संप्रदाय आपल्याकडील प्रवाशांमध्ये दृढमूल झाला आहे. या संप्रदायाचा अनुयायी, ज्यास पुढे केवळ ‘उरक्या’ असे संबोधिले आहे, हाती तासवार आखलेला कागद बाळगतो, सहप्रवाशांना चहाची तल्लफ आल्यास घड्याळाकडे पाहतो, आणि त्याच्याच सोयीसाठी प्रस्तुत नियमावली सिद्ध केली आहे.

प्रथम किल्ला. तोयोतोमी हिदेयोशी याने १५८३ मध्ये बांधावयास घेतलेला हा किल्ला १६१५ च्या वेढ्यात जळाला, तोकुगावांनी नव्याने उभारलेला मनोरा १६६५ मध्ये वीज पडून गेला, आणि ज्यापुढे उरक्या आज छाती काढून उभा राहतो तो मनोरा १९३१ साली नागरिकांच्या देणग्यांतून काँक्रीटमध्ये बांधलेला असून त्यात लिफ्ट आहे. खरा ऐवज खाली, तटात आहे: साकुरामोन दरवाज्याच्या आत ‘ताको-इशी’ नावाचा, शंभर टनांहून अधिक वजनाचा मानला जाणारा एकसंध दगड भिंतीत बसविलेला आहे. उरक्या त्याच्याकडे पाठ करून कागद वाचतो.

दुसरा नियम उमेदा भागाविषयी. येथे ओसाका, उमेदा, हिगाशी-उमेदा, निशी-उमेदा अशी निरनिराळ्या नावांची स्थानके जवळजवळ असून ती भुयारी बाजारपेठांनी एकमेकांस जोडलेली आहेत. कागदावर या टप्प्यास दहा मिनिटे दिलेली असतात. दहा मिनिटे! तेथे पाट्या भरपूर आहेत, जपानी शिस्तीच्या आहेत, आणि तरीही माणूस तीच केकची काच तिसऱ्यांदा ओलांडतो, हे कोणी तरी एकदा लिहून ठेवावयास हवे होते. अनुभवी लोक वर, रस्त्यावर येऊन दिशा पाहतात.

सरकत्या जिन्यावर येथे उजवीकडे उभे राहण्याची रीत आहे, तोक्योत डावीकडे.

दोतोम्बोरी कालव्यावर, हात उंचावून धावणाऱ्या ग्लिकोच्या खेळाडूपुढे (ही जाहिरात १९३५ पासूनची, खेळाडू अद्याप पोहोचलेला नाही) तसेच हात वर करून छायाचित्र घेणे अनिवार्य आहे. त्यानंतर ताकोयाकी, म्हणजे आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यावर, ऑक्टोपसचा तुकडा घालून, टोच्याने गरगर फिरवीत भाजलेले पिठाचे गोळे. विक्रेत्याचा हात पाहत बसावे. कडेला ओघळलेले पीठ तो नेमके आत लोटतो आणि गोळा पूर्ण होतो. बाहेरून शांत दिसणाऱ्या या गोळ्याचे अंतरंग पातळ व उकळते असल्याने तो आधी टोचून वाफ जाऊ द्यावी. उरक्या मात्र तो अख्खा तोंडात टाकतो व पुढील काही मिनिटे त्यास बोलता येत नाही, हा सहप्रवाशांच्या दृष्टीने दौऱ्यातील सर्वोत्तम काळ होय. शाकाहाऱ्यांनी केवळ ‘ऑक्टोपस नको’ म्हणून भागत नाही, कारण पिठातच बहुधा ‘दाशी’, म्हणजे वाळविलेल्या माशाचा अर्क असतो, आणि वर भुरभुरलेले, वाफेने डोलणारे पापुद्रेही माशाचेच.

शिनसेकाई या जुन्या वस्तीतील कुशिकात्सू, म्हणजे काडीला टोचून तळलेले तुकडे, हे उरक्याच्या कागदावर नसतात. सर्वांसाठी ठेवलेल्या सॉसमध्ये काडी एकदाच बुडवावयाची. उष्टी काडी पुन्हा बुडविणे हा तेथील घोर अपराध आहे, आणि कमी पडल्यास कोबीच्या पानाने सॉस उचलून घेण्याची परंपरागत पळवाटही आहे, जरी कित्येक दुकानांनी आता बाटल्या ठेवल्या आहेत. कमळाच्या कंदाची काडी, शेजारी पेला रिकामा करून पुन्हा भरवणारे आजोबा, आणि कोणालाही कोठेही जावयाचे नाही असे ते बाकडे. तेथे तासभर बसावे. दोन बसले तरी हरकत नाही.

अखेरचा नियम विमानतळाच्या गाडीचा: ओसाकाहून निघणाऱ्या काही जलद गाड्या हिनेनो स्थानकात दुभंगतात, काही डबे विमानतळाकडे व उरलेले वाकायामाकडे जातात, आणि डब्यावरील पाटी वाचण्यास कागदात वेळ राखून ठेवलेला नसल्याने उरक्या वाकायामा पाहून येतो.