बागकाका

प्रत्येक सोसायटीत एक बागकाका असतात. त्यांची नेमणूक कोणी केलेली नसते. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सर्वसाधारण सभेत ते "बागेकडे कुणाचं लक्षच नाही" असं म्हणतात, आणि त्यानंतर दुसऱ्या कुणी लक्ष घालायची सोय उरत नाही. खुरपं मात्र ते हातात धरत नाहीत. खुरपणं माळ्याचं, नियोजन काकांचं.

पावसाळ्यात फरश्यांच्या फटींतून हरळी आणि लव्हाळा डोकावला की नियोजनाला ऊत येतो. मेव्हण्याच्या उसातला पाठीवरचा पंप येतो, गॅरेजमधून ग्लायफोसेटची बाटली निघते. 1974 साली 'राउंडअप' नावानं बाजारात आलेलं हे तणनाशक. भारतात ते फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच मारावं, असा आदेश केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये काढला होता. पण काकांना सांगणार कोण? "अहो, मी केमिकल इंजिनिअर!" हाच त्यांचा परवाना.

वारा सुटलेला असतो. काका फवारतात हरळीवर, तुषार बसतात तळमजल्यावरच्या वहिनींच्या जास्वंदीवर.

माळीदादा लगेच नळी घेऊन धावतो. खरं तर तोच एक जण शुद्धीवर असतो. औषध ओलं आहे तोवर पानं भरपूर पाण्यानं धुवायची आणि वाळलंच तर भिजलेल्या फांद्या छाटायच्या, एवढंच हातात असतं. कारण ग्लायफोसेट पानातून आत शिरतं, रसाबरोबर मुळांपर्यंत उतरतं आणि झाडाला लागणारी काही अमिनो आम्लं तयार होणंच बंद पाडतं. पण काका नळी बंद करायला लावतात. "आधी निदान!"

निदानाला ते तीन दिवस घेतात. तेवढ्यात जास्वंदीला ढिम्म काही होत नाही, आणि काका येणाऱ्या-जाणाऱ्याला तिची हिरवीगार पानं दाखवतात. हे विष मुळात सावकाश चालतं. आठवड्यानं शेंडे पिवळे पडतात, तेव्हा काकांचा अतिदक्षता विभाग उघडतो. कुंडीतली माती उपसून नवी भरली जाते. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं, मुळांना त्याचा फारसा उपद्रव नसतो; मुळं तुटतात ती मात्र काकांच्या खुरप्यानं. हो, या कामासाठी ते खुरपं हातात घेतात. मग युरिया. मग ताक. मग गुळाचं पाणी, त्याला मुंग्या, आणि मुंग्यांवर आणखी एक फवारा.

पंपाची कथा वेगळीच. उसात रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी मारतात, आणि पंप नीट धुतला नाही तर त्याचा अंश टाकीत, नळीत, नोझलमध्ये राहतो. द्राक्षवाले आणि कापूसवाले शेतकरी म्हणूनच तणनाशकाचा पंप वेगळा ठेवतात. याच पंपानं काकांनी गच्चीतल्या टोमॅटोवर निंबोळी अर्क मारलेला असतो. टोमॅटोची पानं अरुंद होऊन पिळवटली, शेंडे वाकडे झाले. काकांनी भिंग लावून पाहिलं आणि जाहीर केलं, "बोकड्या! व्हायरस आहे." सोसायटीच्या ग्रुपवर मिरच्यांच्या कुंड्या हलवण्याचा फतवा निघाला.

जास्वंद वाचली ती काकांच्या मुलीमुळे. तिनं त्यांना दोन महिन्यांसाठी बंगळुरूला बोलावून घेतलं. माळ्यानं पिवळे शेंडे छाटले, कुंडी सावलीत सरकवली, खत बंद ठेवलं, बेतानं पाणी घातलं. बुंध्याजवळून नवे फुटवे आले. पानं बारीक आणि झुपक्यानं आलेली. तणनाशकातून वाचलेलं झाड बरेचदा असंच फुटतं.

काका परतले ते थेट कुंडीपाशी. पानं न्याहाळत म्हणाले, "बघा वहिनी, माझ्या युरियाची कमाल! पण फूट जरा अशक्त वाटतेय. अजून एक डोस देऊन टाकू."

वहिनींनी कुंडी उचलून घरात घेतली आणि जाळीच्या दारातून विचारलं, "मुलगी परत कधी बोलावतेय, काका?"