व्हिलातलं बिऱ्हाड

आमच्या घराण्यात सुटीवर जाणं म्हणजे कुणाकडे तरी जाणं. आत्या कऱ्हाडला दिलेली, म्हणून आम्ही प्रीतिसंगम पाहिला. मामा साताऱ्याला नोकरीला, म्हणून अजिंक्यतारा चढलो आणि कंदी पेढे खाल्ले. जिथं नातेवाईक नाहीत अशा गावी जायचं तर तिथं देव तरी हवा, नाहीतर लग्न तरी. त्यामुळे म्युनिकच्या भाच्याने फोनवर जेव्हा सांगितलं की यंदा सगळ्यांनी मिळून सिसिलीत आठवडाभर व्हिला घेऊ, तेव्हा मोठ्या वहिनींचा पहिला प्रश्न होता, "तिथं आपलं कोण असतं?"

"कुणी नसतं, मामी. तीच तर मजा."

कुणी नसलेल्या गावात मजा कसली, हे वहिनींना कळेना. भाच्याने फोटो पाठवले. सिराक्यूज नावाचं शहर, समुद्रात शिरलेलं त्याचं ओर्तिजिया हे जुनं बेट, मधासारख्या रंगाच्या दगडांच्या गल्ल्या, गच्चीवर लिंबाची झाडं, खाली निळं पाणी. तिथल्या मोठ्या चर्चचा फोटो अण्णांनी चष्मा वर करून बघितला. मूळचं ते अथेना देवीचं देऊळ, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातलं. पुढे त्याच्या खांबांमध्ये भिंती घालून चर्च केलं; खांब अजून भिंतीत दिसतात. अण्णा म्हणाले, "म्हणजे जागा देवाचीच राहिली. बरं झालं." आर्किमिडीज याच गावचा हे कळल्यावर मात्र त्यांचं मत फिरलं. आंघोळ अर्धी टाकून रस्त्यावर धावत सुटणारा माणूस ज्या गावात झाला, तिथं निवांतपणा मिळेल याची खात्री त्यांना वाटेना.

बेत मोडला तो मात्र आर्किमिडीजमुळे नव्हे. युरोपच्या व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंटं, विमा आणि कोणत्या दिवशी कुठे असणार याचा तपशील द्यावा लागतो. काहीही न करण्यासाठी जायचं आणि ते कोणत्या दिवशी कुठे करणार हे वकिलातीला आधी लेखी कळवायचं, या अटीवर आमच्यातले निम्मे गळाले. उरलेले तिकिटांच्या भावावर गळाले. शेवटी भाचाच इकडे आला आणि इंटरनेटवर शोधून त्याने वाईजवळ, धोमच्या जलाशयाकडे उतरणाऱ्या डोंगराच्या अंगावर, एक बंगला आठवड्यासाठी घेतला. जाहिरातीत लिहिलं होतं, 'मेडिटेरेनियन स्टाईल लक्झरी व्हिला'.

ही स्टाईल आता वाई-पाचगणीच्या पट्ट्यात बरीच दिसते. पांढऱ्याशुभ्र भिंती, निळ्या खिडक्या, दाराला कमान, सपाट गच्ची. ग्रीसच्या बेटांवर असं बांधतात कारण तिथं पाऊस जेमतेम पडतो आणि सपाट गच्चीवर पडेल तेवढा टाक्यात साठवायचा असतो. त्या बेटांवर अख्ख्या वर्षात पडतो त्याहून जास्त पाऊस महाबळेश्वर जुलैच्या एका आठवड्यात उरकून टाकतं. आमच्या व्हिलाने बहुधा दोन-तीन पावसाळे काढले असावेत. समोरची बाजू ग्रीसमध्ये होती, मागच्या बाजूला शेवाळ धरून ती पुन्हा सातारा जिल्ह्यात आली होती. मला मागची बाजू जास्त आवडली.

आत सगळं होतं. पलंग एवढे रुंद की नवरा-बायकोला एकमेकांना हाक मारावी लागावी. भिंतीएवढा टीव्ही. एका न्हाणीघरात टब, त्याच्या काठावर मेणबत्त्या. नियमांचा कागद लॅमिनेट करून लावलेला: रात्री दहानंतर मोठ्याने बोलू नये. आम्ही सांगलीचे. आमच्याकडे हळूच बोललेलंही शेजारच्या पेठेत जातं.

आणि स्विमिंग पूल. तो बघून लहान मुलं आनंदाने ओरडली आणि मोठी माणसं गप्प झाली. सांगलीच्या माणसाचं पाण्याशी नातं वेगळं आहे. बाहेरच्या माणसाला पाणी दिसतं, आम्हाला पातळी दिसते. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आमच्याकडे पाढ्यांबरोबर पाठ होतं. 2005 आणि 2019 चे पूर ज्यांनी घरात घेतले, ते काठावर खुर्ची टाकून पाण्याकडे प्रेमाने बघू शकत नाहीत. अण्णांनी केअरटेकरला विचारलं, "किती फूट?" तो म्हणाला, "साडेचार." अण्णा म्हणाले, "मग ठीक आहे," आणि पहिल्यांदाच आरामात बसले.

गंमत अशी की पाणी तेच. महाबळेश्वरात उगम पावलेली कृष्णा धोम, मेणवली, वाई करत खाली आमच्याकडे येते. ऑगस्टमध्ये जिच्या बातम्या ऐकत आम्ही रात्री जागवतो, ती इथं वाईच्या घाटावर गुडघाभर पाण्यात बायकांना धुणं धुऊ देत होती. वहिनी तिच्याकडे बघून म्हणाल्या, "माहेरी कशी शहाण्यासारखी वागते बघा."

आता मूळ मुद्दा. परक्या घरात माणूस एक तर पाहुणा म्हणून राहतो, नाहीतर मालक म्हणून. व्हिलात राहणारा यातला कुणीच नसतो. त्याला आग्रह करणारं कुणी नाही आणि त्याने कुणाला आग्रह करायचा हेही ठरलेलं नाही. ही त्रिशंकू अवस्था मराठी कुटुंबाला एखादा दिवसच झेपते. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तिथं ओव्हन होता, कॉफीचं यंत्र होतं, वाइनचे नाजूक पेले होते, पोळपाट-लाटणं नव्हतं. संध्याकाळपर्यंत वाईच्या बाजारातून ते आलं. पाठोपाठ विरजण लागलं. पुढे वाइनच्या पेल्यांतून मठ्ठा फिरू लागला, बार्बेक्यूच्या जाळीवर वांगी भाजली गेली, आरामखुर्च्यांच्या पाठीवर धुतलेले टॉवेल आले. केअरटेकरच्या मुलीचं दहावीचं वर्ष आहे हे कळल्यावर आत्या तिचं गणित घेऊ लागली. आणि मग वहिनींनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच शोधलं: वाईत त्यांच्या माहेरच्या कुणाच्या तरी चुलत नणंद निघाल्या. त्या दुपारी पुरणपोळी घेऊन आल्या. व्हिलाचं बिऱ्हाड झालं.

भाचा हताश झाला. एवढे पैसे मोजून हेच करायचं होतं तर सांगलीत काय वाईट होतं, असं त्याचं म्हणणं. मी त्याला सांगितलं, तुझ्या मामीला दोष देऊ नकोस, या मुलुखात विश्रांतीला आलेल्या प्रत्येकाचं हेच झालं आहे.

इंग्रजांचंच घे. पुढे जनरल झालेला लॉडविक 1824 मध्ये महाबळेश्वरच्या डोंगरावर चढला, जागा थंड आहे असं त्याने खाली येऊन सांगितलं. पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी व्यवहार केला. 1829 मध्ये महाबळेश्वर घेतलं, बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. उद्देश काय, तर उन्हाळ्यात थोडं बसायचं. बसले का? आधी माल्कमच्या नावाची पेठ वसवली. मग बंगले, चर्च, क्लब, वाचनालय. मग तुरुंग! मलायाकडचे चिनी कैदी 1834 पासून तीसेक वर्षं तिथं ठेवले होते, आणि त्यांच्याकडून साहेबांनी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवून घेतल्या. म्हणजे वहिनींनी विरजण लावलं, साहेबांनी बटाटे लावले, एवढाच फरक. उन्हाळ्यात मुंबई सरकारच्या फायली डोंगरावर यायच्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधून सगळे खाली पळायचे. वेण्णा तलाव तेवढा आपल्या माणसाने केला. तो 1842 मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधवला. आज तिथं होडीत बसून मक्याचं कणीस खाणाऱ्याला ते नाव आठवत नाही, याची मला जरा चीड आहे.

आपल्या माणसांचंही तेच. नाना फडणवीसांनी मेणवलीत वाडा बांधला. आम्ही तो बघायला गेलो. चौकामागून चौक, जाड भिंती, मागच्या दाराने थेट कृष्णेच्या घाटावर. 'स्वदेस' सिनेमात तो घाट दिसल्यापासून तिथं फोटो काढणाऱ्यांची रांग असते. सिसिलीतल्या कुठल्याही व्हिलाने मान खाली घालावी अशी जागा. पण या वाड्याची कीर्ती नाना तिथं कसे निवांत बसले यासाठी नाही; तिथल्या मोडी कागदांसाठी आहे. 'मेणवली दफ्तर' म्हणून ते अभ्यासकांना माहीत आहे. 1796 मध्ये पुण्याचं राजकारण अंगावर आलं तेव्हा नाना साताऱ्याकडून वाईला आणि तिथून घाट उतरून महाडला गेले, आणि त्या पळापळीतही त्यांचे डाव चालूच होते.

त्याच घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलुखात आल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर 1707 हे साल आहे आणि बाळाला घेतलेली मेरी आहे. अण्णा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "तिकडे देवळाचं चर्च झालं, इकडे चर्चची घंटा देवळात आली. हिशेब बरोबर." भाच्याला सिसिलीतलं जे दाखवायचं होतं त्यातलं निदान एक तरी अण्णांनी घरबसल्या पाहून घेतलं होतं.

वाईची गोष्ट तर याहून गमतीची. नदी, सात घाट, जुने वाडे, मागे पांडवगड. दुपारी रस्त्यावर कुत्रंही हलत नाही. आळसाला इतकं अनुकूल गाव सातारा जिल्ह्यात दुसरं नसेल. आणि अशा गावात बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश काढला! आधी प्राज्ञपाठशाळेत धर्मकोश, मग 'अंक'पासून अखेरच्या अक्षरापर्यंत जगातलं सगळं ज्ञान, वीस खंडांत. इतर शांत गावांत माणसं पेन्शन घेतात, वाईत नोंदी लिहितात.

भाचा म्हणाला, हे सगळं भारतीयांचं आणि इंग्रजांचं झालं, भूमध्य समुद्राकाठची माणसं तरी आराम करतात. तिथंही मला शंका आहे. रोमन लेखक धाकटा प्लिनी याचा समुद्राकाठी लॉरेंटम इथं व्हिला होता. एका पत्रात त्याने मित्राला त्याचं वर्णन केलं आहे: कुठल्या खोलीत कधी ऊन येतं, कुठून समुद्र दिसतो. रोमचं काम आटोपून संध्याकाळी तिथं पोचता येतं, हे तो आवर्जून सांगतो. पण तिथं जाऊन तो करायचा काय? वाचायचा आणि लिहायचा. भिंतीतल्या कपाटात पुन्हा पुन्हा वाचायची पुस्तकं ठेवली होती असंही त्याने लिहिलं आहे. माणसाला दोन हजार वर्षं व्हिला परवडतो, नुसतं बसणं परवडत नाही.

तरी आठवड्यात एक गोष्ट मात्र खरोखर विश्रांतीची झाली. ऊन उतरलं की आम्ही गाडीने वाईत जायचो आणि गणपती घाटावर बसायचो. तिथला ढोल्या गणपती सरदार रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेल्या देवळात आहे. मूर्ती एका दगडातली आणि आकाराने अशी की तिच्यासमोर आमच्या घरातल्या कुणालाही स्वतःच्या वजनाची लाज वाटू नये. देवळाची मागची भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती केली आहे. पूर आला की पाणी तिच्यावर दुभागून दोन्ही बाजूंनी निघून जातं. सांगलीकरांनी या भिंतीचं जेवढं कौतुक केलं तेवढं मूर्तीचं केलं नाही. अण्णा दोन संध्याकाळी फक्त भिंतच बघत होते. अडीचशेहून जास्त वर्षं टिकलेली पूरनियंत्रण योजना त्यांनी प्रथमच पाहिली.

घाटावर काही करायचं नसतं. पायऱ्या दगडी, दिवसभराचं ऊन त्यांच्यात मुरलेलं, खाली पाणी. शेजारी बसलेला माणूस "कुठले?" एवढं विचारतो आणि उत्तर ऐकून पुन्हा नदीकडे बघतो. या घाटासाठी आम्ही एक रुपया मोजला नव्हता. ज्या व्हिलासाठी हजारो मोजले, तिथं आम्ही काम केलं. जिथं काही मोजलं नाही, तिथं बसलो. भाच्याने हा हिशेब ऐकला आणि पुढच्या वर्षी घाटाजवळ दोन खोल्या बघतो म्हणाला. म्युनिकमध्ये राहून पोरगा व्यवहारी झाला आहे.

तुम्हाला जायचं असेल तर थंडी सरता सरता जा. तेव्हा वाईत कृष्णाबाईचा उत्सव असतो; एकेका घाटावर पाळीपाळीने देवीचा मुक्काम होतो, कीर्तनं होतात, महाप्रसादाच्या पंगती उठतात. व्हिला घेतलाच, तर नियमांच्या कागदावर टॉवेल कुठे वाळत घालायचे ते लिहिलेलं नसतं. केअरटेकरला पहिल्याच दिवशी विचारून घ्या.