अल्पभूधारक लेकीचं पत्र

लाइपझिग,
जुलैचा पहिला आठवडा

ती. आण्णा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आण्णा, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आम्ही इथं जर्मनीत घेतलेल्या बागेचा सातबारा कुणाच्या नावावर, असं तुम्ही फोनवर विचारलंत. सातबारा नाही. जमीन महापालिकेची, ती भाड्यानं घेतली बागसंघानं, आणि संघाकडून आम्ही. म्हणजे आम्ही कूळ. कसेल त्याची जमीन हा कायदा इथं नाही, तेव्हा मनातले मांडे खाऊ नका, असं तुमच्या जावयांना मी बजावून ठेवलंय.

क्षेत्रफळ ऐकून तुम्ही हसलात, तेही मी ऐकलं. या बागांसाठी इथं १९८३ सालचा देशभराचा कायदा आहे. एक बाग ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी, असं तो सांगतो. म्हणजे तुमच्या हिशोबात चार गुंठ्यांच्या आतच. आमची तर त्याहून लहान. कऱ्हाडला तुमच्या उसाच्या बांधावर एवढी जागा वाया जाते, हे मला माहीत आहे. पण इथं एवढ्यासाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघतात. आमचा नंबर लागला तेव्हा जावईबापूंनी ऑफिसात पेढे वाटले. पगारवाढीच्या वेळी वाटले नव्हते.

भाडं मात्र किरकोळ. त्या भागात भाजीपाल्याच्या धंदेवाईक शेतीला जो खंड असेल, त्याच्या चौपटीपेक्षा जास्त घ्यायचा नाही, असं कायद्यातच लिहिलंय. हे वाचून तुमच्या नातवानं विचारलं, "मग आपण घराचं भाडं भरणं बंद करून बागेतच का राहत नाही?" पोरगं आपल्या वळणावर गेलंय. पण बागेत राहायचं नाही, हाही कायदाच. बागेत झोपडी बांधता येते, तीही ओसरीसकट २४ चौरस मीटरच्या आत. म्हणजे अडीचशे चौरस फुटांच्या वर थोडी. वरळीला बीडीडी चाळीत आत्याची खोली १६० फुटांची होती. तिच्यात पाच पोरं वाढली, दोन लग्नं लागली, आणि गावाकडचा पाहुणा कधी परत पाठवला गेला नाही. इथं तिच्या दीडपट जागेत फावडं आणि खुर्च्या राहतात.

या बागांना सगळा देश श्रेबर या माणसाच्या नावानं ओळखतो. हे डॉक्टर मोरित्स श्रेबर इथलेच, आपल्या लाइपझिगचे. शहरातल्या पोरांना मोकळं खेळायला मिळायला हवं, हा त्यांचा ध्यास. पण बागेत त्यांनी एक मुळाही लावलेला नाही. १८६१ साली ते वारले. १८६४ साली हाउशिल्ड नावाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी पालकांचा संघ काढला, त्याला श्रेबरचं नाव दिलं आणि मुलांसाठी मैदान केलं. पुढे गेझेल नावाच्या शिक्षकांनी मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे केले. पोरांनी थोडे दिवस पाणी घातलं, मग कंटाळून ती खेळायला पळाली आणि वाफे आईबापांच्या गळ्यात पडले. मग कुंपणं आली, झोपड्या आल्या, नियम आले. त्या पहिल्या संघाच्या इमारतीत आता या बागांचं संग्रहालय आहे. तुम्ही आलात की दाखवीन. आमच्या घरी हा सगळा इतिहास वर्षभरात पुन्हा घडलाय. नातवाचा टोमॅटो आणि नातीची स्ट्रॉबेरी आता माझ्याकडे आहेत.

नियमांचं सांगायचं तर पत्र पुरणार नाही. तरी मासला म्हणून सांगते. बागेचा निदान एकतृतीयांश भाग फळं-भाजीपाल्याखाली हवाच. त्याबद्दल २००४ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा निकाल आहे. जावईबापूंच्या मनात सगळीकडे हिरवळ, मधोमध क्रिकेटची जाळी आणि कडेला आरामखुर्ची असा आराखडा होता. संघाच्या समितीची माणसं पाहणीला आली, कुंपणावरून बघून गेली. दुसऱ्या दिवशी खेळपट्टीवर बटाटे लावले गेले. दुपारी एक ते तीन शांतता. रविवारी गवत कापायचं यंत्र लावायचं नाही. मोठं कुंपण १ मार्च ते ३० सप्टेंबर मुळापासून छाटायचं नाही, कारण त्यात पाखरं घरटी करतात. वरवर केस कापल्यागत कापलं तर चालतं. आण्णा, व्हिडिओवर बघून तुम्ही "ते झुडूप उपटा आधी, ऊन अडवतंय" म्हणालात ना, त्या झुडपात काळ्या पाखराची चार पिल्लं आहेत आणि कायदा त्यांच्या बाजूनं आहे.

तुमचं मृग तसे इथं थंडीचे संत. ११ ते १५ मे हे पाच दिवस एकेका संताच्या नावाचे, शेवटची थंड सोफी. ती जाईपर्यंत टोमॅटो, भोपळा बाहेर लावायचा नाही, कारण तोवर कडाक्याची थंडी परतू शकते. एप्रिलच्या उन्हाला भुलून मी रोपं बाहेर काढली की पलीकडच्या आजी कुंपणाशी येऊन नुसत्या मान हलवायच्या आणि "सोफी" एवढंच म्हणायच्या. सोफीवर त्यांचा पूर्ण भरवसा. रोहिणी बरसल्या की नाही हे तुम्ही ज्या गांभीर्यानं विचारता, तोच सूर.

आई, तुझ्यासाठी खबर. बागेत रुबार्ब नावाचं झाड आधीपासून आहे. पानं थेट अळूसारखी, हाताएवढी. बघूनच मला वड्यांचा वास आला. पण पान विषारी, खायचा तो फक्त लाल देठ. तो आंबट असतो, म्हणून मी त्याचा मेथांबा केला. फोडणीत मेथ्या, गूळ, तिखट, आणि देठाच्या फोडी शेवटी. लवकर विरघळतात, कैरीसारखा धीर नाही त्यांना. तरी कैरीची आठवण दोन घास थांबली. २४ जूननंतर तो काढत नाहीत. झाडाला पुढच्या वर्षासाठी जोर धरू द्यायचा. नवलकोल, मेथी, मुळा जोरात आहेत. मेथीच्या जुड्या बघून आजींनी विचारलं, "हे गवत तुम्ही मुद्दाम लावलंत?"

मेथीच्या बरोबरीनं गोगलगायीही जोरात आहेत, बिनशंखाच्या, तपकिरी, बोटभर. त्यांच्यासाठी इथले लोक वाटीत बिअर ओतून ती मातीत पुरतात. वासानं त्या येतात आणि त्यातच बुडतात. जावईबापू या कामाला एका पायावर तयार झाले. दोन बाटल्या आणल्या. गोगलगायींच्या वाट्याला किती आली, याचा हिशोब मी मागितलेला नाही. रात्री टॉर्च घेऊन त्या वेचून काढणं मात्र माझ्याकडेच आहे.

आता खरी गंमत. इथं वर्षाकाठी ठरावीक तास संघासाठी काम करावं लागतं. श्रमदानच, पण हजेरी लागते आणि दांडी मारली तर तासामागे पैसे भरावे लागतात. मला आधी हसू आलं. दान सक्तीनं कसं घेणार? वसंतात बोलावणं आलं, गेलो. वाटेच्या कडेचं कुंपण सारखं करायचं होतं. माझ्या हातात सुतळीचं एक टोक दिलं. दुसरं टोक धरून, एक डोळा मिटून उभे होते ते आयुष्यभर ट्राम चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. "वर... खाली... थांब." इतकंच बोलणं. सुतळी सरळ झाली आणि ते पहिल्यांदा हसले. त्यांच्याच इमारतीत, त्यांच्याच गल्लीत इतकी वर्षं राहतोय आम्ही, जिन्यात गुड मॉर्निंगपुढे कधी गाडी गेली नव्हती. दुपारी सगळ्यांनी घरून आणलेलं मांडलं. त्यांचं बटाट्याचं सॅलड, आमचे बटाटेवडे. वडा त्यांनी काट्या-सुरीनं खाल्ला, मिरची बाजूला काढून तिच्याकडे आदरानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकाला नवलकोलाच्या रोपांची पिशवी अडकवलेली. कुणी ठेवली, अजून कळलेलं नाही.

आण्णा, तुम्ही सांगायचात ना, पूर्वी इर्जिक घालायचे. अर्ध्या गावाची औतं एकाच्या रानात, नांगरट एका दिवसात, आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवण. ट्रॅक्टर आला आणि इर्जिक गेली, असं तुम्ही म्हणता. तेव्हा मला वाटायचं, माणसांत तेव्हा प्रेम जास्त होतं. आता वाटतं, बैलजोडी एकट्याची पुरत नव्हती म्हणून एकमेकांकडे जावं लागायचं, आणि जाऊन जाऊन प्रेम जडायचं. इथं बैलांच्या जागी हजेरीपट आहे. इथं माणसं आधी हजेरीपटानं जोडली, माया मागाहून आली.

तुमच्या कामाची आणखी एक गोष्ट. आजी पूर्व जर्मनीच्या काळातलं सांगतात. तेव्हा बागेतला माल सरकार चढ्या भावानं विकत घ्यायचं आणि दुकानात स्वस्तात विकायचं. हुशार लोक मागच्या दारानं टोपली विकत आणि पुढच्या दारानं तीच स्वस्तात घरी आणत. हमीभावाचा हा प्रकार तुम्ही पारावर सांगाल तर नावं ठेवतील की डोळे पुसतील, कळवा.

झोपडीतलं सामान बघून आई बोलणार, म्हणून आधीच सांगते. टेबल, कंदील, केटली, सगळं फुटपाथवरचं आहे. इथं नको असलेली चांगली वस्तू "घेऊन जा" असं लिहून घराबाहेर ठेवायची पद्धत आहे. उचलून आणण्यात कमीपणा नाही. तुझा मोडका पाट तू वीस वर्षं माळ्यावर ठेवलायस, तोही इथं तासाभरात गेला असता.

गणपतीआधी तुम्ही येताय, तेव्हा सामानाचं. आई, घेवड्याचं, दुधीचं बी पुडीत बांधून पोस्टानं पाठवू नकोस. कढीपत्त्याचं रोप पर्समध्ये लपवूनही आणू नकोस. डिसेंबर २०१९ पासून युरोपात बाहेरचं बी, रोप, भाजी, फळ आणायचं तर वनस्पती-आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त पाच फळांना आहे: अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ.

तेव्हा नारळ आणा. झोपडीला रंग देऊन झालाय, पूजा तुमच्या हातून व्हायची आहे. आण्णा, गुरुजींना विचारून मुहूर्त काढून ठेवा. फक्त दुपारी एक ते तीन सोडून काढायला सांगा. त्या वेळात नारळ फोडला तर समिती कुंपणाशी येईल.

जावईबापूंचा नमस्कार, नातवंडांचे पापे.

तुमची अल्पभूधारक लेक